पाटलाच्या अंगणात गरी

मार्चमध्ये नागपूरचा माणूस सुटी काढतो ती चिखलदऱ्यासाठी, नाहीतर पचमढीसाठी. आम्ही काढली गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर गरी, म्हणजे मासोळीचा गळ, टाकायला. घरी सांगितल्यावर आईने एवढेच विचारले, "मासोळीच खायची आहे न? मग भोईपुऱ्यात काय मिळत नाही?" तिचे बरोबर होते. तीन दिवसांत आम्ही स्वतः पकडलेल्या मासोळीचा भाव मास्तरांनी नंतर काढला, तो किलोला दोन हजारांच्या वर गेला. त्यात बोलेरोचे डिझेल धरलेले नाही.

खरे तर हे खूळ मास्तरांचेच. गणित शिकवतात, शाळेत कडक, बाहेर लहान पोर. हिवाळाभर त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या मासेमारीचे व्हिडिओ पाहिले होते. कोलोरॅडो नदीवरचे लेक पॉवेल, चहूकडे वाळवंट, लाल खडक, औषधालाही झाड नाही आणि मधोमध निळेशार पाणी. लोक काठावर तंबू ठोकतात, आठवडाभर मासे धरतात, तिथेच भाजून खातात. "आपल्याकडे काय कमी आहे?" मास्तर म्हणाले. "उन्हाळ्यात गोसीखुर्दचे पाणी उतरले की तेही वाळवंटच." लगेच त्यांनी रॉड, रील आणि चकाकत्या चमच्यांचा एक डबा मागवला. चमचा म्हणजे पाण्यात गिरक्या घेणारी धातूची पट्टी. शिकारी माशाला ती छोटी मासोळी वाटते, असा हिशोब. एकेक चमचा नऊशे रुपयांचा. ही गोष्ट त्यांनी मास्तरीणबाईंना सांगितलेली नाही, म्हणून त्यांचे नाव मीही सांगत नाही.

आम्ही चौघे होतो. मी, गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ, नववीतला भाचा आणि मास्तर.

शुक्रवार

पहाटे महालातून निघालो. दिघोरीला तर्री पोहे खाल्ले आणि कुही, वेलतूर करत नऊच्या आत अंभोऱ्याला. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. रस्त्याच्या कडेने पळस जवळजवळ संपलेला, मोह गळायला लागलेला. कुहीच्या पुढे दोन बायका टोपल्या घेऊन मोहाखाली बसल्या होत्या. भाच्याने काच खाली केली तशी गाडीभर तो गोडसर, आंबूस वास भरला. त्यानंतर अर्धा तास तो फक्त मोहाच्या दारूबद्दल प्रश्न विचारत होता आणि मास्तर उत्तरे टाळत होते.

अंभोऱ्याला पाच नद्या मिळतात असे सांगतात. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी. काठावरच्या टेकडीवर चैतन्येश्वर, शिवरात्रीला मोठी जत्रा भरते. मुकुंदराजांचे गुरू हरिनाथ यांची समाधी इथलीच, असे इकडे मानतात. मुकुंदराज कोणाचे, यावरून अंबाजोगाईकरांशी आपले भांडण जुनेच आहे, त्यात मी पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला केबलचा पूल आता इथले मुख्य आकर्षण आहे. पुलाच्या खांबावर उंच प्रेक्षागॅलरी, खाली सेल्फीवाल्यांची रांग. पूल देखणा आहे, नाही म्हणत नाही. पण आम्ही अर्ध्या तासात निघालो, कारण खाली पाण्यावर दुसरेच काही पसरलेले दिसत होते. हिरवीगार जलपर्णी, एकरच्या एकर.

"क्रिकेट खेळता येईल," भाचा म्हणाला.

मुक्काम अंभोऱ्यापासून बराच खाली, बॅकवॉटरच्या एका फाट्यावर होता. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे तंबूंची रांग लागलेली मला पाहायची नाही. मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मच्छीमार संस्थेतल्या एका काकांशी गाठ घालून दिली होती. हे आधी करणे फार गरजेचे आहे. धरणात मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, मत्स्यबीजही तेच सोडतात. हौशी माणसाने न विचारता गरी टाकणे म्हणजे कोणाच्या शेतात शिरून हुरडा भाजणे. आम्ही विचारले, त्यांनी ठरलेले पैसे घेतले, आणि "जाळं लावलं तिथं गरी टाकाची नाही" एवढी एकच अट घातली. दुसरी खबरदारी जंगलाची. पलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, वाघ तिथून हद्द विचारून बाहेर पडत नाही. म्हणून तंबू गावाच्या बाजूला, उघड्यावर आणि सरपंचांना सांगून.

काका साठीचे. अंगाने काटक, डोक्याला दुपट्टा, गालात खर्रा. ढिवर समाजाचे, तीन पिढ्या वैनगंगेवर. आमच्या रॉडकडे त्यांनी असे पाहिले, जसे डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी पाहतो.

"तुमी नागपूरचे न जी?"

"हो काका."

"मंग आपली जुनी वळख हाय. तुमच्या घरचं पाणी रोज येते आमच्याकडं. तुमीच पयल्यांदा आले."

आम्ही हसलो. मग हसू जरा ओशाळे झाले. नाग नदी आमच्या घराच्या चारशे मीटरवरून वाहते. नदी कसली, आम्ही तिला नालाच म्हणतो. लाव्याच्या टेकड्यांत उगम, अंबाझरी, मग सगळ्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा इथे अडवलेली. शाळेत हा नकाशा मी काढला होता, दहापैकी नऊ गुणही मिळाले होते. पण तो बाण कोणाच्या तरी जाळ्यात जाऊन थांबतो, हे नकाशात नव्हते. अंभोऱ्याची ती हिरवी चादर त्याच पाण्यावर पोसलेली. जलपर्णीला सांडपाण्यातले खत मिळाले की ती थांबत नाही. काका म्हणाले, वारा उलटा फिरला की ती इकडे येते आणि जाळी गुंडाळून नेते.

मग आमच्या हातून दिवसातला पहिला मूर्खपणा घडला. पाणी उतरलेल्या भागात गाळ वाळून भेगाळलेला होता. मोठमोठे षटकोनी तुकडे, थेट मास्तरांच्या व्हिडिओसारखे. भाऊ म्हणाला, पार पाण्यापर्यंत गाडी नेतो. काका "नको गा" म्हणेपर्यंत बोलेरो तीस फूट पुढे गेली आणि मागची चाके शांतपणे खाली बसली. वरचा पापुद्रा चार बोटांचा, खाली लोणी. फांद्या टाकल्या, दगड टाकले, मास्तरांनी चाकाखाली सतरंजी घातली, ती गाळाने गिळली. शेवटी गाळपेरीत टरबुजाची वाडी करणारा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. पाचशे रुपये घेतले आणि वर दोन टरबुजे दिली. म्हणाला, "दर सालं एक तरी नागपूरवाला फसतेच." उतरलेल्या पाण्याच्या काठी गाडी न्यायची तर आधी काठी खुपसून पाहा. एक वीत आत गेली तर गाडी तिथेच ठेवा आणि सामान डोक्यावर घ्या.

संध्याकाळी मास्तरांनी चमचा फेकला. पहिलाच फेक सुंदर, चाळीस मीटर तरी. दुसराही. विसाव्या फेकीनंतर अंधार पडला. भाच्याने बांबूच्या काठीला दोरा बांधून कणकेच्या गोळीवर बोटभर लांबीच्या सात मासोळ्या धरल्या आणि त्या परत सोडल्या. मास्तरांनी त्याला एकदाही शाबासकी दिली नाही.

रात्री गोवऱ्यांवर गाकर भाजले, वांग्याचे भरीत, वर कच्चा कांदा. तंबूबाहेर पडून राहिलो. दिवसा सदतीस-अडतीस अंशांनी भाजणारी जमीन रात्री अकरानंतर एकदम गार पडते, पातळ चादर हवीच. पाण्यात उभी असलेली वाळकी झाडे चांदण्यात हाडांसारखी दिसत होती. टिटवीने मात्र रात्रभर झोपू दिले नाही.

शनिवार

पहाटे साडेचारला काका तंबूशी. "उठा जी, जाळं उचलाचं हाय."

डोंगा पत्र्याचा. त्यात आम्ही तिघे आणि काका. भावाला पाण्याची भीती, तो काठावर चहा करायला थांबला. नागपूरहून लाइफ जॅकेट नेली होती, ती घातली. काका हसले, पण घाला म्हणाले. पाणी शांत दिसले तरी खाली झाडांचे बुंधे आहेत, डोंगा आपटला की उलटतो.

जाळे उचलताना पाहणे हे माझ्यासाठी या सहलीतले सगळ्यात मोठे सुख ठरले. काका डोंग्याच्या टोकाला उकिडवे बसून जाळे ओढत होते. आधी नुसते पाणी गळणारे दोरे, मग मध्येच हातांना काहीतरी कळायचे आणि बोटे मंद व्हायची. पहिला आला तो कतला, मोठ्या डोक्याचा, वर वळलेल्या तोंडाचा. तोंड असे का, तर तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मिरगल तळाशी. तीन भाऊ एकाच घरात राहतात, पण चुली वेगळ्या, अशी काकांची समजावण्याची रीत. या तिघांना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते, साठलेल्या धरणात ती घालत नाहीत. म्हणून संस्थेला बोटुकली विकत आणून सोडावी लागते. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्ले, शब्द किती छान आहे. मग चार-पाच तिलापिया निघाले. ते काकांनी न बघताच टोपलीत फेकले. "हा आपला नोय. आफ्रिकेचा म्हणतात. याले बीज सोडा लागत नाही, हाकलला तरी जात नाही." सगळ्यात शेवटी झिंगे, निळसर लांब नांग्यांचे. भाच्याने एक हातात घेतला आणि तो नांगीने त्याच्या अंगठ्याला लटकून राहिला. मास्तरांनी फोटो काढला, मग सोडवला. या क्रमाबद्दल भाचा अजून बोलतो.

जाळे झाल्यावर काका म्हणाले, "आता तुमच्या गरीचं पाहू." आणि डोंगा उघड्या पाण्याकडे न नेता एका वाळक्या आंब्याच्या दिशेने वळवला. वल्हे मारता मारता ते मान वळवून दोन्हीकडे बघत होते. तो आंबा आणि पलीकडच्या टेकडीचा खांदा एका रेषेत आला, तेव्हा वल्हे थांबले.

"ही चावडी."

खाली बघितले. गढूळ हिरवे पाणी. वल्हे उभे बुडवले तर सहा-सात फुटांवर दगडाला लागून टक् असा आवाज आला.

काकांचे जुने गाव इथे होते. गोसीखुर्दच्या पाण्यात बरीच गावे गेली, त्यांतले हे एक. उठताना लोकांनी सागवानी चौकटी, दारे, कवेलू काढून नेले. भिंती मातीच्या होत्या, त्या दोन पावसाळ्यांत विरघळल्या. राहिले ते दगडी जोते, विहिरींची तोंडे, चावडीचा ओटा. आणि मासोळीला असला आडोसा फार आवडतो. उघड्या तळावर तिला लपायला जागा नाही, दगडाच्या कपारीत आहे. त्यामुळे काकांच्या डोक्यात मासेमारीचा नकाशा म्हणून जे आहे, ते आहे त्यांचे गाव. कोतवालाच्या विहिरीजवळ मिरगल. मारुतीच्या पाराभोवती झिंगे. शाळेवर काही नाही. ("शाळेत तवाही काही नव्हतं," असे म्हणून ते मास्तरांकडे पाहून हसले.) आणि मरळ हवी असेल तर पाटलाचा वाडा.

"पाटील जिता होता तवा आमाले अंगणात पाय ठेवू देत नोयता," काका खर्रा थुंकून म्हणाले. "आता त्याच्या माजघरात मरळ ऱ्हायते. टाका गरी."

ते हे अगदी सरळ सांगत होते, आवाजात ना राग ना हळहळ. मीच उगाच गंभीर चेहरा केला, तर म्हणाले, "गरीकडं पाहा जी."

मरळीची गंमत अशी की ती मासा असून हवेवर जगते. ठरावीक वेळाने तिला वर येऊन घोट घ्यावाच लागतो, नाहीतर पाण्यातच गुदमरते. म्हणून तिला शोधायचे तर पाण्याकडे नाही, पाण्याच्या कातडीकडे बघायचे. काकांनी बोट दाखवले तिथे एक बुडबुडा फुटला, जेमतेम वाटीएवढे वर्तुळ. मास्तरांनी चमचा फेकला. झकास फेक, वर्तुळाच्या दोन हात पुढे. रील फिरवली. दोरा ताणला. "लागली!" मास्तर उभे राहिले, डोंगा डुलला, काका ओरडले. लागली होती ती पाटलाच्या परसातली बाभूळ. दहा मिनिटे ओढाताण झाली आणि दोरा तुटला. नऊशे रुपये.

काकांनी मग जाळ्यातली एक छोटी मासोळी माझ्या साध्या गरीला पाठीतून टोचून दिली, वर थर्माकोलचा तुकडा. रॉड नाही, हातातच दोरी. मी पाऊण तास बसलो. पाठ भाजली, डोळ्यांपुढे ठिपके नाचायला लागले. मध्ये दोन नदी सुरय आले, पाण्यावर झेपावून गेले, एक कवड्या खंड्या हवेत एकाच जागी फडफडत राहिला. मग थर्माकोल आडवा झाला. बुडाला नाही, नुसता आडवा झाला आणि हळू चालायला लागला.

"थांबा," काका म्हणाले. "गिळू द्या."

पाच-सहा श्वास. मग त्यांनी नुसती मान हलवली आणि मी ओढले. दोरीने तळहात कापला, त्याची खूण अजून आहे. डोंग्यात आली तेव्हा सापाच्या डोक्याची, काळपट, सव्वा किलोची ती मरळ धाडधाड पत्रा वाजवत होती. रोहू दहा मिनिटांत निपचित पडतो. ही टोपलीत, ओल्या गोणपाटाखाली, दुपारपर्यंत जिवंत होती. मधूनच तोंड उघडून हवा घ्यायची.

दुपारी अकरा ते चार करण्यासारखे काहीही नसते, हे आधीच धरून चला. बुडालेल्या झाडांना सावली नसते. माणशी पाच लिटर पिण्याचे पाणी न्या, धरणाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नाही. आमच्या शहरातून काय काय येते ते आम्हाला माहीत आहे. दुपट्टा ओला करून डोक्याला बांधा. तंबू दुपारी भट्टी होतो, त्याऐवजी चार बांबू आणि हिरवी नेट नेलीत तर जगाल. आम्ही नेली नव्हती. काकांच्या घरी ओसरीवर जाऊन पडलो.

हे पुनर्वसनाचे नवे गाव. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, पाण्याची टाकी. जुन्या गावात काकांच्या घराला लागून त्यांच्या चुलतभावाचे घर होते. इथे तो चार गल्ल्या सोडून गेला. मधल्या भिंतीवरून भाजीची वाटी द्यायची सवय, ती भिंतच राहिली नाही. म्हणून काकांच्या घरच्या मावशी आता फोन करून विचारतात, "भाजी काय केली?"

मरळ मावशींनी साफ केली. ती इतकी बुळबुळीत असते की हातात ठरत नाही. त्यांनी चुलीतली मूठभर राख अंगाला चोळली, विळ्यावर पाय ठेवला आणि खवले उलट दिशेने कर्र कर्र काढले. राखेचा करडा रंग आणि खालून उघडी पडणारी पांढुरकी कातडी. मग मीठ-हळद लावून, तीन वेळा धुऊन जाड तुकडे. मसाला पाट्यावर. भाजलेले खोबरे, धणे, लसूण आणि भिवापुरी मिरची, तिचा तिखटपणा कमी आणि रंग जास्त अशी माझी समजूत होती. ती चूक निघाली. आंबटपणाला चिंच नाही, तर झाडाखाली पडलेल्या बोराएवढ्या कैऱ्या ठेचून. वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, पुण्याचे वाचक गोंधळतील म्हणून सांगतो. सोबत चिन्नोरचा भात. मरळीला बारीक काटे नसतात, त्यामुळे भाच्यानेही न घाबरता खाल्ली. मास्तरांनी तीन वेळा रस्सा मागितला आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, "चमच्याचे पैसे वसूल."

रात्री मावशी "इथंच झोपा" म्हणत होत्या. आम्ही तंबूचा हट्ट धरला. दीडच्या सुमारास पश्चिमेला विजा चमकायला लागल्या, आवाज नाही. भाऊ म्हणाला, लांब आहे. वीस मिनिटांत वारा आला आणि तंबूच्या खुंट्या गाळातून भाकरीत खोचलेल्या काड्यांसारख्या निघाल्या. आमचा तंबू भाड्याचा, त्याच्या आठ खुंट्यांपैकी पाचच पिशवीत होत्या. दुकानदाराला आल्यावर बोललो, पण उघडून बघण्याचे काम माझेच होते. तंबू अंगावर, भाचा त्याच्या आत गुंडाळलेला आणि हसतोय. गारा पडायला लागल्यावर हसणे थांबले. उघड्या काठावर आपणच सगळ्यात उंच, विजेला दुसरे काय हवे? सगळे टाकून गाडीत बसलो, काचा बंद. तासाभराने पाऊस ओसरला तेव्हा टॉर्च घेऊन काका आले. "म्या म्हटलं होतं न जी." उरलेली रात्र त्यांच्या ओसरीवर.

गाळात किंवा वाळूत खुंटी धरत नाही. रिकाम्या पोत्यात माती भरून, दोरी बांधून ते पोते हातभर खोल पुरायचे. हे काकांनी सकाळी सांगितले. आदल्या दिवशी विचारले असते तर आदल्या दिवशी सांगितले असते.

रविवार

तंबू पाण्याच्या काठी बाभळीला लटकलेला सापडला, एक दांडी मोडलेली. टरबुजाच्या वाडीचे नुकसान झाले होते. गारांनी वेल झोडपलेले, फळांना पांढरे डाग. परवाचा ट्रॅक्टरवाला बांधावर उभा होता. आम्ही दहा टरबुजे घेतली, त्याने भाव कमी केला, आम्ही कमी केलेला भाव दिला नाही. यापलीकडे काय करणार होतो?

काकांनी आमच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फावर दोन रोहू आणि किलोभर झिंगे भरून दिले, संस्थेच्या काट्यावर वजन करून, रीतसर पैसे घेऊन. मावशींनी भाच्याच्या हातात मोहफुलांची पुडी ठेवली. "भाजून खाय, दारूचं नाव काढू नको."

परतीचा रस्ता धरणावरून घेतला. भिंत अकरा किलोमीटरहून लांब, तेहतीस दरवाजे. या धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी केले, तेव्हा मी शाळेत होतो. मूळ खर्चाचा अंदाज ३७२ कोटी. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि तोवर तो आकडा कुठल्या कुठे गेला होता. अडीच लाख हेक्टरला पाणी द्यायचे होते. मास्तरांनी भिंतीकडे बघत लेक पॉवेलची गोष्ट काढली. तिथेही दुष्काळात पाणी उतरले की बुडालेल्या दऱ्या वर येतात, लोक त्या बघायला जातात. "तिथे धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद केले, भरायला १९८० उजाडले," मास्तर म्हणाले. भाऊ म्हणाला, "म्हणजे आपण बरे." भाचा म्हणाला, "पण तिकडे पाटील होता का?"

पवनीला थांबलो ते जेवायला, पण जुन्या वेशीसमोर उभे राहिलो आणि जेवण तासभर लांबले. गावाभोवती तटबंदीचे अवशेष, खाली वैनगंगेचे घाट. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. नागपूरहून दोन तासांवर असे काही आहे आणि मी पंचेचाळीस वर्षांत एकदाही आलो नव्हतो. त्यासाठी वेगळा दिवस काढणार आहे. भिवापूरला मिरची घेतली, उमरेडला चहा.

संध्याकाळी सात वाजता अशोक चौकात नाग नदीच्या पुलावर सिग्नलला अडकलो. गाडीत झिंग्यांचा वास, बाहेर नदीचा. भाच्याने विचारले, "मामा, हे पाणी काकांकडे कधी पोचेल?"

मास्तरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. नाग इतकी, कन्हान इतकी, वेग इतका धरला तर. मागचे हॉर्न वाजायला लागले तरी त्यांचे उत्तर आले नव्हते.

झिंगे आईने केले. भोईपुऱ्यापेक्षा बरे आहेत, एवढे ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. पाणी आणखी उतरले होते. पाटलाचे जोते कोरडे पडले, परसातली बाभूळ बुंध्यापर्यंत उघडी झाली आणि तिच्या दुबेळक्यात मास्तरांचा चमचा चमकत होता. "ठेवला काढून," ते म्हणाले. "याल तवा न्या. आणि येता येता संत्रा बर्फी आणा जी, मावशीले आवडते."